फोनवरचा डेमो जिवंत आणि स्टुडिओतला अल्बम कोरडा, असं का होतं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सोबतचे दोन्ही नमुने आधी फोनच्या स्पीकरवर आणि मग माझ्या स्टुडिओतल्या मॉनिटर स्पीकरवर ऐकले. उत्तर देण्याआधी प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो. मी भलत्याच दुखण्याला औषध देतोय असं वाटलं तर तिथेच थांबवा.

तुम्ही गिटारवर गाणी रचता. आजी सातारा जिल्ह्यातली. तिच्या जात्यावरच्या ओव्यांवरून तुम्ही पाच गाणी बांधलीत, सहावं गोंधळाच्या अंगाचं आहे, उरलेली दोन शहरातली, सर्वस्वी तुमची. वर्षभरापूर्वी स्वयंपाकघरात बसून फोनवर डेमो केलेत, ते ऐकून मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. मग स्टुडिओत आठही गाणी रीतसर झाली. ढोलकी आली, बासरी आली, मागे कोरस आला. आवाज स्वच्छ, सूर पक्के, आणि आता तीच मावशी म्हणते, "छान झालंय गं, टीव्हीवर लागेल असं." पैसे थोडेच उरलेत. तुम्ही विचारताय की मिक्सिंगमध्ये, म्हणजे सुटे ट्रॅक एकत्र जुळवताना, जरा मातीचा वास आणता येईल का, आणि त्यासाठी कुठला रिव्हर्ब, म्हणजे खोलीचा कृत्रिम घुमारा, लावायचा.

मिक्सिंगमध्ये तो येणार नाही. हे सांगायला मला आवडत नाही, कारण माझी अर्धी मिळकत मिक्सिंगचीच आहे. पण पंचवीसेक वर्षं पुण्यात रेकॉर्डिंग आणि संगीत संयोजन करून एवढं कळलंय की गाण्याचा भाव हरवायचा असेल तर तो सहसा पहिली ओळ रेकॉर्ड होण्याच्या आधीच हरवतो. तुमच्या बाबतीत तो क्लिक, म्हणजे गाताना हेडफोनमध्ये वाजणारा ठरल्या लयीचा ठोका, सुरू झाली तेव्हाच गेला असावा. बाकीच्या गोष्टी, म्हणजे ढोलकी, कॉर्ड (गिटारवर एकत्र छेडलेले स्वर), कोरस, त्याच्या मागोमाग आल्या.

आधी एक शंका काढून टाकू. डेमोचा मोह नावाची एक गोष्ट असते. जे रेकॉर्डिंग आपण दोनशे वेळा ऐकलं, तेच बरोबर वाटायला लागतं, आणि नंतरचं काहीही परकं. शिवाय फोन स्वतःहून आवाज दाबतो-उचलतो. तुम्ही हळू गायलात की तो पातळी वाढवतो, त्यामुळे श्वास, बोटांची सरसर, मागचा कुकर, सगळं जवळ येतं. त्यातून जी जवळीक वाटते ती काही अंशी यंत्राची करामत आहे. म्हणून आधी एक परीक्षा करा. ज्याने यातलं काहीच ऐकलेलं नाही अशा दोन-तीन माणसांना दोन्ही ऐकवा. आवाजाची पातळी दोन्हीची सारखी ठेवा, कारण जे मोठं वाजतं ते कानाला चांगलंच वाटतं. कुठलं आवडलं ते विचारू नका. "ही बाई कुणाशी बोलतेय?" एवढंच विचारा. डेमो ऐकून लोक आईशी, भावाशी, स्वतःशी म्हणाले आणि स्टुडिओतलं ऐकून "प्रेक्षकांशी" म्हणाले, तर पुढचं वाचा. दोन्हींना एकच उत्तर आलं तर तुमचा अल्बम ठीक आहे. तो तसाच प्रकाशित करा आणि माझं हे लांबण सोडून द्या.

मी स्वतः तुमच्या दुसऱ्या गाण्याच्या डेमोवर ताल धरून पाहिला. सुरुवातीला मिनिटाला साधारण ७० ठोके पडतात, शेवटच्या ओवीला ७६-७७. मध्ये दोन ठिकाणी तुम्ही चक्क थांबताय, एकदा श्वासासाठी आणि एकदा, मला वाटतं, पुढची ओळ आठवण्यासाठी. स्टुडिओत तेच गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ८२ वर आहे आणि कापो, म्हणजे तारा दाबून सूर चढवणारा चिमटा, गिटारच्या दुसऱ्या फ्रेटवर (दांडीवरच्या आडव्या पट्टीवर) गेलाय, म्हणजे पेटीच्या पांढरी पाच पट्टीतलं गाणं एक स्वर वर, पांढरी सहात आलंय. कारण उघड आहे. कुणीतरी म्हणालं असणार, "जरा उठाव येईल." उठाव आला खरा, पण आता तुम्ही प्रत्येक ओळीच्या शेवटाला घाईत आहात. डेमोत ओळीचा शेवटचा स्वर जिथे विरतो, तिथे स्टुडिओत पुढच्या ओळीचा श्वास ऐकू येतो.

ओवी का लांबते, हे एकदा जात्यावर बसल्याशिवाय कळत नाही. मी बसलोय. एका माहितीपटाच्या कामासाठी गेलो होतो आणि तिथल्या आजींनी, "नुसतं ऐकून काय कळतंय, वड की," म्हणून खुंटा हातात दिला. खुंटा स्वतःकडे ओढताना जोर लागतो, पुढे जाताना जातं थोडं आपसूक फिरतं. म्हणजे एका फेऱ्यातही गती सारखी नसते. त्यात दर काही फेऱ्यांनी वैरण, म्हणजे मूठभर दाणे, घालायची. तेव्हा एक हात सुटतो, फेरा मंदावतो आणि गाणारी त्या जागी स्वर धरून ठेवते किंवा "गं बाई" असं काहीतरी घालून वेळ काढते. ते "गं बाई" शोभेचं नाही, हात मोकळा होईपर्यंतचा तो आधार आहे. दळण संपत आलं की जातं हलकं होतं आणि लय आपोआप चढते. तुमच्या डेमोतली ७० वरून ७७ ही चढण तुम्ही ठरवून आणलेली नाही. आजीकडून ऐकताना ती कानात बसली असणार. क्लिकवर या सगळ्याला जागाच नसते. क्लिकचे सगळे ठोके एका वजनाचे, आणि वैरण घालायला ती कधी थांबत नाही.

क्लिक वाईट असं माझं म्हणणं नाही. तुमच्या शहरी गाण्यांना, विशेषतः बसच्या रांगेवरच्या गाण्याला, ती शोभते. तिथली चिडचिड त्या ठोक्यातूनच येते. गोंधळाच्या गाण्यालाही ठरलेला ठेका लागतोच, फक्त तिथे लय चढती हवी. गोंधळी सुरुवात करतात त्या लयीत कधीच संपवत नाहीत. प्रश्न पाच ओव्यांचा आहे.

आता वाद्यांकडे वळू. तुम्ही लिहिलंय, "लोकसंगीताचा फील यावा म्हणून ढोलकी घेतली." इथे माझा थोडा वाद आहे. आपल्याकडे लोकवाद्य म्हणजे एका विशिष्ट जागेचा पत्ता असतो. संबळ वाजला की देवीचा गोंधळ उभा राहतो, दिवटीसकट. दिमडी वाजली की वाघ्या-मुरळी आणि खंडोबा. चौंडकं ऐकलं की आराधी, जोगती, परडी. डफ आणि तुणतुणं म्हणजे शाहीर आणि पोवाडा. टाळ-पखवाज म्हणजे कीर्तन, नाहीतर दिंडी. आणि ढोलकी म्हणजे तमाशाचा फड, लावणी, समोर बसलेले लोक. ढोलकीची पहिली थाप पडली की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मंच येतो, मग तुम्ही कितीही हळुवार गा. जात्यावरची ओवी पहाटे, घरातले पुरुष झोपलेले असताना, एकटीने किंवा दोघी-तिघींनी गायची गोष्ट. तिला ऐकणारा नसतोच, असलंच तर जातं असतं. बायका त्यालाच ईश्वर म्हणून हाक मारतात. अशा गाण्यामागे तुम्ही मंच उभा केलात, म्हणून मावशीला टीव्ही दिसला. बासरीबद्दल फार बोलत नाही. गेली तीस वर्षं तेल-मसाल्याच्या प्रत्येक जाहिरातीत गाव दाखवताना बासरी वाजली आहे. बिचाऱ्या वाद्याचा त्यात दोष नाही.

मग ओवीमागे वाजवायचं काय? खरं तर काहीच नाही. ओवीला वाद्य नसतं, दगडाची घरघर असते. ती रेकॉर्ड करून गाण्याखाली घालायचा मोह प्रत्येकाला होतो, मलाही झाला होता. पहिल्या दहा सेकंदांत अंगावर काटा आला, तिसऱ्या मिनिटाला वाटलं की खाली गिरणी चालू आहे आणि गिटारचे खर्जाचे सगळे स्वर त्यात बुडालेत. मात्र त्या रेकॉर्डिंगचा एक वेगळा उपयोग सापडला, तो पुढे सांगतो.

तुमची गिटार राहू द्या. ती तुमची आहे आणि आजीच्या ओवीला नातीने दिलेलं ते उत्तर आहे. पण ती काय वाजवते ते बदलायला हवं. स्टुडिओतल्या संयोजकाने दर चार मात्रांना कॉर्ड बदललीय, सिनेगीतात असते तशी चार कॉर्डची साखळी. कॉर्ड बदलली की कान पुढे सरकतो. कुठून तरी निघालो आणि कुठे तरी पोचणार, असं त्याला वाटतं. तुमच्या ओवीची चाल उणीपुरी पाच स्वरांची. ती गोल फिरते आणि प्रत्येक वेळी त्याच स्वरावर येऊन बसते. वर गोल फिरणारी चाल आणि खाली पळणारी कॉर्ड, या ओढाताणीत गाणं अस्वस्थ झालंय. ऐकणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं.

दुसरी ओढाताण सुरांची. गिटारच्या फ्रेट सप्तकाचे बारा समान भाग धरून पाडलेल्या असतात, त्यामुळे तिच्यावरचा शुद्ध गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा साधारण १४ सेंट चढा असतो. सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. १४ सेंट म्हणजे फार नाही, पण लांब धरलेल्या स्वरावर कळतंच. हार्मोनियमचीही तीच गत. तुम्ही गंधार गिटारवरून शिकला नाहीत, आजीच्या तोंडून शिकलात. तो थोडा उतरा आहे आणि ओळीगणिक जरा हलतो. डेमोत तो तसाच आहे, कारण तिथे तुम्ही गिटार जेमतेम छेडताय. स्टुडिओत आधी त्याच्याखाली भरगच्च मेजर कॉर्ड आली, मग तो कॉर्डशी जुळेना म्हणून सूर-दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरने वर ओढला गेला. दुसऱ्या ओवीच्या शेवटी हेडफोन लावून ऐका, स्वर काचेवर ठेवल्यासारखा सपाट झालाय. आजीचा गंधार तिथे गेला.

यावर सोपा उपाय आहे: गंधार तुम्ही गा, गिटारला वाजवूच देऊ नका. गिटारच्या तारा डी-ए-डी-जी-ए-डी अशा लावा. साठच्या दशकात इंग्लंडचा गिटारवादक डेव्ही ग्रॅहम याने रूढ केलेला हा मेळ आता जगभरचे लोकगीतवाले वापरतात. त्यात डी षड्ज धरला की सा-प-सा-म-प-सा मिळतात. मध्यमाची तार दुसऱ्या फ्रेटवर दाबलीत की तिचाही पंचम होतो. आता सगळी गिटार फक्त सा आणि प बोलते, म्हणजे जवळजवळ तंबोराच. तुमची पांढरी पाच हवी म्हणून कापो पाचव्या फ्रेटवर लावा. गिटारचा आवाज त्यामुळे बारीक आणि खणखणीत होईल, काहीसा तुणतुण्याच्या जवळ जाणारा. मला तो ओवीखाली आवडतो. तुम्हाला बोडका वाटला तर एखाद्या ओळीच्या शेवटी एकच वेगळा स्वर ठेवा. एखादाच.

इथवरचं सगळं लयीचं आणि सुराचं झालं. आता आवाज किती लांबून येतो याकडे येऊ, कारण तुम्ही रिव्हर्बबद्दल विचारलं होतंत.

स्वयंपाकघरात तुमच्यापासून भिंत दीडेक मीटरवर असेल. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे भिंतीवर आपटून परत यायला त्याला सुमारे ९ मिलिसेकंद लागतात. कान याला प्रतिध्वनी समजत नाही. त्याला एवढंच कळतं की बाई लहान खोलीत आहे आणि माझ्याजवळ आहे. स्टुडिओत तुम्ही आवाज शोषणाऱ्या बूथमध्ये गायलात, तिथे खोलीच नव्हती, म्हणून मिक्सिंगमध्ये वरून दोन-अडीच सेकंद घुमणाऱ्या हॉलचा रिव्हर्ब घातला गेला. त्या हॉलने तुम्हाला सभागृहात नेऊन उभं केलं. त्यात आवाजाची दुहेरी ट्रॅक डावी-उजवीकडे पसरली आणि कोरसात तुमचेच सहा आवाज आले. सात-आठ जणी एकदम ओवीतल्या भावाला आठवतायत. भाऊ दचकेल.

एक जुनी चूक सांगतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी गोंधळींची एक मंडळी रेकॉर्डिंगला आली होती. मी तेव्हा नव्या स्टुडिओच्या नादात होतो. संबळ एका बूथमध्ये, तुणतुणं दुसऱ्यात, मुख्य गायक तिसऱ्यात, सगळ्यांना हेडफोन, मध्ये काचा. तीन तास गेले आणि एक कडवं धड होईना. तुणतुणेवाले काका शेवटी हेडफोन काढून म्हणाले, "साहेब, त्याचा खांदा दिसंना." संबळवाल्याचा खांदा वर गेला की सम येते, हे ते आयुष्यभर डोळ्यांनी वाजवत आले होते. सगळ्यांना बाहेरच्या हॉलमध्ये सतरंजीवर बसवलं, समोर दोन माइक लावले, पाऊण तासात चारही पदं झाली. एवढ्यावर मी शहाणा व्हायला हवं होतं. पण रात्री एकट्याने बसून मी त्यातला संबळ संगणकावर ठोक्याला ठोका जुळवून "सरळ" केला. दुसऱ्या दिवशी ऐकवला तेव्हा वाजवणारे शांतपणे म्हणाले, "हे म्या नाही वाजवलं." सरळ केलेली फाइल मी त्यांच्या देखत काढून टाकली.

आता तुम्ही विचाराल, मग डेमोच प्रकाशित करू का? याची दोन टोकं दाखवणारे दोन अल्बम सांगतो. अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनने जानेवारी १९८२ मध्ये न्यू जर्सीतल्या राहत्या घरी चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर काही गाणी नुसती नमुन्यासाठी गाऊन ठेवली. ती कॅसेट तो खिशात घेऊन हिंडत होता. नंतर आपल्या वाद्यवृंदासोबत त्याने ती गाणी स्टुडिओत करून पाहिली आणि त्यातला एकटेपणा निघून गेला. शेवटी त्या कॅसेटवरूनच त्याच वर्षी ‘नेब्रास्का’ हा अल्बम निघाला. तबकडी काढताना त्या कॅसेटने तंत्रज्ञांना चांगलाच घाम फोडला, ही गोष्ट वेगळी. हे उदाहरण ऐकलं की प्रत्येक जण म्हणतो, बघा, साधं यंत्रच खरं. म्हणून दुसरं उदाहरण लगेच सांगतो. इंग्लंडचा गायक-गिटारवादक निक ड्रेक याचे पहिले दोन अल्बम वाद्यमेळाने सजलेले होते. तिसऱ्यासाठी तो ऑक्टोबर १९७१ मध्ये लंडनच्या उत्तम स्टुडिओत गेला. सोबत फक्त ध्वनिमुद्रक जॉन वुड. दोन रात्रींत आवाज आणि गिटार एवढंच घेतलं, एका गाण्यात थोडा पियानो. ‘पिंक मून’ जेमतेम २८ मिनिटांचा आहे. तिथे माइक चांगले होते, खोली चांगली होती, आणि जवळीक कॅसेटवाल्याइतकीच आहे.

या दोघांत यंत्र वेगळं, खोली वेगळी, पैसा वेगळा. सारखं काय, तर दोन्हीकडे गाणं बेतलं गेलं एका माणसाच्या आवाजावर आणि गिटारवर, त्याच्या मर्जीच्या लयीत, आणि दुसरं कुणी त्यात नंतर शिरलं नाही. म्हणून तुम्ही डेमोच्या मागे लागू नका. कुकरची शिट्टी तिसऱ्यांदा ऐकताना गोड वाटत नाही. डेमो झाला तेव्हाची परिस्थिती पुन्हा उभी करा, फक्त बऱ्या माइकसमोर.

माझ्यापुरतं सांगायचं तर मी तुमच्या जागी असतो तर पाच ओव्या नव्याने घेतल्या असत्या आणि बाकी तीन गाणी पुन्हा गायली नसती. पैसे दोन शिफ्टचेच असतील तर पाचातल्या तीन. आधी स्टुडिओकडून सगळे सुटे ट्रॅक मागून घ्या, दुरुस्ती न केलेल्या आवाजासकट. करारात ते तुमचे आहेत की नाही हे मला माहीत नाही, ते आधी बघा. कदाचित पहिल्या दिवशीचा, सरावाचा एखादा टेक क्लिकशिवाय पडून असेल. असे टेक बरेचदा असतात आणि कुणी ऐकत नाही.

नव्याने घ्याल ते गाणं आणि गिटार एकत्रच घ्या. आधी गिटार आणि मग आवाज असं केलंत की श्वास गिटारच्या मागे लागतो. दोन्ही एकमेकांच्या माइकमध्ये शिरतील, म्हणून स्टुडिओवाले कुरकुरतील. त्यांना म्हणावं, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी पकड असणारे दोन माइक द्या. हे माइक पुढून आणि मागून ऐकतात, दोन्ही बाजूंना जवळजवळ बहिरे असतात. एकाचं तोंड ओठांकडे आणि बहिरी बाजू गिटारकडे, दुसऱ्याचं उलट. पूर्ण सुटका होत नाही, पण मिक्सिंगपुरती होते. ओठांपासून माइक एक वीत लांब. त्याहून जवळ गेलात तर खर्ज फुगतो आणि रेडिओवरची निवेदिका वाटायला लागता. खोली लहान चालेल. जमिनीवर सतरंजी, एका भिंतीला गोधडी, समोरची भिंत उघडी, म्हणजे ते ९ मिलिसेकंद कायम राहतील. वरून रिव्हर्ब घालायचा झाला तर इतका कमी घाला की बंद केल्यावरच तो होता हे कळेल.

वेळ पहाटेची ठेवा. यात भाबडेपणा नाही. पाच वाजता रस्ता शांत असतो, फ्रिज-पंखे बंद ठेवता येतात, आणि झोपेतून उठलेला आवाज थोडा जड, थोडा खरखरीत असतो. त्या आवाजाला ८२ च्या लयीत पळवलंत तरी पळणार नाही. घशाची काही तक्रार असेल तर मात्र हा हट्ट धरू नका.

आता जात्याच्या रेकॉर्डिंगचा उपयोग. क्लिक पूर्ण काढली की काही गायक सैरभैर होतात, कारण सवय गेलेली असते. मी अशांना एका कानात क्लिकऐवजी जात्याची घरघर देतो, अगदी हळू. तिच्यात मात्रा मोजता येत नाहीत, पण फेरा कळतो. ओढ, सोड, ओढ, सोड. गाणारी त्यावर रेलते आणि हवं तेव्हा सोडून देते. ती घरघर अंतिम मिक्समध्ये ठेवत नाही. गावी जातं असेल तर आजीच्या जात्याचीच घ्या. पीठ पाडत घ्या, रिकामं जातं फिरवलं तर दगडावर दगड घासल्याचा कर्कश आवाज येतो आणि जातंही खराब होतं.

प्रत्येक गाण्याचे तीनच टेक. तीनांत नाही झालं तर चहा घ्या, दुसरं गाणं घ्या. ओळ या टेकमधली आणि शब्द त्या टेकमधला असं शिवणकाम करू नका. जोडायचंच असेल तर एक ओवी संपून दुसरी सुरू होते तिथे जोडा. आणि मास्टरिंगवाल्याला, म्हणजे मिक्सवर शेवटचा हात फिरवणाऱ्याला, सांगा की आवाज ठेचून मोठा करायचा नाही. स्पॉटिफाय, यूट्यूब साधारण उणे १४ लफ्सहून (लफ्स हे ऐकू येणाऱ्या मोठेपणाचं माप) मोठं गाणं त्या पातळीवर खाली आणून ठेवतात. ठेचलेलं गाणं तिथे मोठं वाजत नाही, नुसतं चपटं वाजतं.

तुम्ही जाता जाता विचारलेला एक मुद्दा मला या सगळ्याइतकाच महत्त्वाचा वाटतो: श्रेयात "पारंपरिक" लिहायचं का? हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, आणि आज तो संग्रह ‘पारी’ या ग्रामीण भारताविषयीच्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतो तेव्हा गाणारीचं नाव आणि गाव सोबत असतं. नुसतं "पारंपरिक" लिहिलं की गाणारी बाई पुसली जाते. तुमच्या आजीच्या ओव्यांतल्या काही तिने आईकडून घेतल्या असतील, काही स्वतः रचल्या असतील. कुठली कुठली, हे तिला किंवा मावशीला विचारा आणि तसं लिहा. याचा अल्बमच्या आवाजाशी काय संबंध, असं वाटेल. मी पाहिलंय की गाणाऱ्याला ओळ कुणाची आहे हे ठाऊक असलं की ती ओळ तो वेगळी म्हणतो.

गाण्यांच्या क्रमाबद्दल थोडक्यात. पाचही ओव्या सलग लावू नका, सगळ्या पांढरी पाचमध्ये आहेत, कान थकेल. दोन ओव्या, मग बसच्या रांगेचं गाणं, पुन्हा एक ओवी, असं काहीतरी करून पाहा. गोंधळ शेवटून दुसरा ठेवा, आणि तिथे ढोलकी काढून संबळवाला आणता आला तर बघा. त्यानंतर येणारी एकटी ओवी आपोआप पहाटेची वाटेल. कोरसाचे ट्रॅक फेकू नका, गोंधळाला झील धरायला ते कामी येतील.

आणि रेकॉर्डिंगच्या पहाटे मावशीला सोबत न्या. तिला काचेपलीकडे बसवू नका, तुमच्या समोर, सतरंजीवर, हातभर अंतरावर बसवा. दुसरं गाणं तिच्याकडे बघून म्हणा. तिच्या बांगड्या माइकमध्ये वाजतील. काढून ठेवायला सांगू नका.